आंत्वान द्यूपाँ: एका फ्रेंच रग्बीपटूची कारकीर्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पॅरिस ऑलिंपिक झाल्यापासून ओळखीतले लोक मला विचारत असतात, "तो फ्रान्सचा बुटका खेळाडू कोण रे?" एकाला सांगितलं की दुसरा विचारतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. मी गेली कित्येक वर्षं रात्री जागून फ्रेंच रग्बी बघतो आणि हा खेळ मला मनापासून आवडतो. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. घाई असेल त्यांनी फक्त प्रश्न चाळावेत.

आंत्वान द्यूपाँ कोण आहे?

तो फ्रान्सच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा कर्णधार आणि स्ताद तुलूझँ या क्लबचा स्क्रम-हाफ आहे. त्याचा जन्म १५ नोव्हेंबर १९९६चा, दक्षिण फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या लानमझाँ गावातला. उंची १.७४ मीटर. एकशे वीस किलोच्या माणसांच्या खेळात ही उंची कमीच. २०२१ साली तो जगातला सर्वोत्तम रग्बी खेळाडू ठरला. २०२४मध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी रग्बी सेव्हन्समधला (सात-सात खेळाडूंच्या प्रकारातला) जगातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. खेळाच्या दोन्ही प्रकारांत हा मान मिळवणारा दुसरा पुरुष खेळाडू नाही.

आडनाव इंग्रजी वळणाने 'ड्युपॉन्ट' असं वाचू नका. शेवटचा 'त' फ्रेंचमध्ये उच्चारत नाहीत. आपल्याकडे पाटील किंवा जाधव जितकी सर्रास आढळतात तितकंच हे आडनाव तिकडे आढळतं.

रग्बीचे नियम माहीत नाहीत. किमान किती कळलं तर सामना बघता येईल?

दोन्ही बाजूंना १५ खेळाडू, खेळ ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पायाने मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. पास नेहमी मागे किंवा आडवा द्यायचा. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होते आणि ५ गुण मिळतात. त्यानंतरची किक, म्हणजे 'कन्व्हर्जन', खांबांमधून गेली तर आणखी २. पेनल्टीचे ३ आणि ड्रॉप गोलचेही ३.

पुढे जायचं आहे, पण चेंडू मागेच द्यायचा आहे. सगळा खेळ या एका अडचणीभोवती रचलेला आहे. आणि चेंडू मागे द्यायचा म्हणजे तिथे घेणारा कोणीतरी आधीच येऊन पोहोचलेला असला पाहिजे. द्यूपाँची कारकीर्द समजून घ्यायची तर एवढं वाक्य लक्षात ठेवा.

स्क्रम-हाफ म्हणजे नक्की काय करतो?

तो ९ क्रमांकाची जर्सी घालतो. संघात आठ फॉरवर्ड असतात, धिप्पाड, रेटारेटी करणारे. सात बॅक असतात, पळणारे. या दोहोंना जोडणारा माणूस म्हणजे स्क्रम-हाफ. टॅकल होऊन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने धरून पाडल्यावर, खेळाडू खाली पडला की चेंडूभोवती झुंबड होते, तिला 'रक' म्हणतात. प्रत्येक रकपाशी धावत जायचं, चेंडू उचलायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं: डावीकडे पास, उजवीकडे पास, उंच किक की स्वतःच घुसायचं. एका सामन्यात असे निर्णय शंभराच्या आसपास घ्यावे लागतात. त्यातले पंचाण्णव बरोबर आले तरी लोकांच्या लक्षात उरलेले पाच राहतात.

फ्रेंच भाषेत ९ आणि १० क्रमांकाच्या जोडीला 'शार्निएर' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ बिजागरी. मला हा शब्द फार आवडतो. दार कितीही भक्कम असलं तरी ते फिरतं बिजागरीवरच. द्यूपाँच्या बिजागरीची दुसरी पट्टी म्हणजे रोमँ न्तामाक. क्लबमध्येही तोच जोडीदार आणि दुखापती आड आल्या नाहीत तर देशाच्या संघातही.

इतक्या आडगावातून तो वर कसा आला?

तो वाढला कास्तेलनो-मान्योआक या गावात. लोकवस्ती जेमतेम आठशेच्या आसपास. घरचं हॉटेल आणि रेस्तराँ, आजूबाजूला शेती. तिथल्या मान्योआक क्लबच्या मैदानावर त्याने पाच वर्षांचा व्हायच्या आतच चेंडू हातात घेतला.

इथे फ्रान्सची एक गोष्ट सांगायला हवी, कारण इंग्लंडपेक्षा ती वेगळी आहे. इंग्लंडात रग्बीला बराच काळ मोठ्या खासगी शाळांचा आधार होता. फ्रान्समध्ये, विशेषतः नैऋत्येकडच्या पट्ट्यात, हा गावाचा खेळ आहे. चर्च, बाजारपेठ आणि रग्बीचं मैदान या तिन्ही गोष्टी तिथे गावागावात असतात. क्लब आपली 'एकोल द रग्बी' चालवतो, म्हणजे लहान मुलांचा वर्ग, आणि तिथे शिकवणारे बहुतेक जण गावातलेच पालक किंवा जुने खेळाडू असतात, तेही विनामोबदला. रविवारी गाव विरुद्ध शेजारचं गाव असे सामने होतात. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला जशी गर्दी लोटते, तसं समजा.

तिथून २०११मध्ये तो ओश या शहराच्या क्लबमध्ये गेला. तीन वर्षं तिथे. २०१४मध्ये कास्त्र क्लबने त्याला घेतलं आणि तिथेच पौगंडावस्थेत असतानाच तो फ्रान्सच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरला. २०१७मध्ये तुलूझ. नकाशावर बघाल तर हा सगळा प्रवास एका दिवसात गाडीने फिरून परत येण्याइतक्या मुलखातला आहे. तो फारसा लांब कधी गेलाच नाही.

मनाला लागलेली एक गोष्ट सांगतो. ज्या ओशच्या क्लबने त्याला घडवलं, तो एफ.सी. ओश २०१७मध्ये कर्जापायी बंद पडला. शहराने नवा क्लब काढला. द्यूपाँ देशासाठी पहिला सामना खेळला तेही २०१७मध्येच. छोट्या शहरांच्या क्लबांनी मुलं घडवायची आणि मोठ्यांच्या पैशांपुढे स्वतः टिकायचं नाही, हे फ्रेंच रग्बीचं जुनं दुखणं आहे. द्यूपाँचं कौतुक करताना ओशचं नाव घ्यायला विसरू नये असं मला वाटतं.

फ्रान्समध्ये मुलगा व्यावसायिक रग्बीपटू होतो तो कसा? शिक्षण सोडावं लागतं का?

नाही. मोठ्या क्लबांना मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र चालवावं लागतं. तिथे सोळा-सतरा वर्षांपासूनची मुलं सराव आणि शिक्षण दोन्ही करतात. ती 'एस्प्वार' संघात खेळतात. या शब्दाचा अर्थ 'आशा', आणि तो क्लबचा तरुण राखीव संघ असतो. त्यातली थोडी मुलं वर जातात, बरीचशी जात नाहीत. म्हणूनच शिक्षणाची सक्ती मला योग्य वाटते. द्यूपाँने स्वतः तुलूझच्या विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तेही राष्ट्रीय संघात खेळत असताना.

लीगचा आणखी एक नियम मुलांच्या बाजूचा आहे. सामन्याच्या २३ जणांच्या यादीत हंगामभराच्या सरासरीने किमान १६ खेळाडू फ्रेंच प्रशिक्षण व्यवस्थेतून आलेले हवेत. साधारण २०१०च्या सुमारास फ्रेंच क्लब परदेशी ताऱ्यांनी भरले होते आणि राष्ट्रीय संघ मार खात होता. पुढच्या पिढीला मैदान मिळालं त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

आणि हा पूर्णवेळ धंदा तसा नवाच आहे. रग्बी युनियनने खेळाडूंना उघडपणे पैसे देण्याची परवानगी दिली ती ऑगस्ट १९९५मध्ये. द्यूपाँचा जन्म त्यानंतर सव्वा वर्षाने झाला. त्याच्या आधीच्या पिढ्यांत डॉक्टर, शेतकरी, पोलीस खेळत. हा गडी जन्मापासून व्यावसायिक काळातला.

टॉप १४ म्हणजे काय?

फ्रान्सची सर्वोच्च क्लब लीग. १४ संघ, साखळीत प्रत्येकाचे २६ सामने, पहिले ६ बाद फेरीत. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून किंवा सप्टेंबरपासून जूनअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने. जगातली ही सर्वांत थकवणारी लीग आहे असं खेळाडूच म्हणतात. तळाचा संघ खालच्या श्रेणीत, प्रो डी२मध्ये जातो.

विजेत्याला चषक मिळत नाही, एक ढाल मिळते. लाकडी फळ्यावर पितळी पत्रा बसवलेली 'बूक्लिए द ब्रेनुस'. शार्ल ब्रेनुस हा कोरीवकाम करणारा कारागीर आणि रग्बीचा कार्यकर्ता होता. कल्पना होती पिएर द कूबेर्तँ यांची, म्हणजे आधुनिक ऑलिंपिक ज्यांनी सुरू केलं तेच. १८९२च्या पहिल्या अंतिम सामन्यात पंचही तेच होते. जिंकल्यावर खेळाडू ही जड ढाल डोक्यावर घेऊन नाचतात.

त्याने तुलूझच का निवडलं?

तुलूझ म्हणजे फ्रेंच रग्बीतली पंढरी. १९०७ साली स्थापन झालेला क्लब, लाल-काळ्या रंगाचा. २०२५पर्यंत २४ वेळा फ्रेंच विजेता आणि ६ वेळा युरोपचा विजेता, दोन्ही विक्रम. पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट आहे शैलीची. 'हातांचा खेळ, तो तुलूझचा खेळ' असं तिथलं ब्रीद आहे. चेंडू हातात ठेवायचा, टॅकल होता होता पास द्यायचा, मोकळ्या जागेत घुसायचं. प्रशिक्षक ऊगो मोला हे स्वतः याच मुशीतून आलेले.

तो आला तेव्हा क्लब पडत्या काळात होता. २०१२नंतर एकही विजेतेपद नव्हतं. २०१९मध्ये त्यांनी क्लेरमाँला २४–१८ हरवून ढाल परत आणली. मग २०२१मध्ये युरोपियन आणि फ्रेंच अशी दोन्ही विजेतेपदं एकाच हंगामात, दोन्ही अंतिम सामन्यांत समोर ला रोशेल. २०२३मध्ये पुन्हा ला रोशेल, २९–२६. तो सामना जिंकून दिला न्तामाकच्या शेवटच्या क्षणांतल्या एकट्याच्या धावेने. २०२४मध्ये पुन्हा दोन्ही विजेतेपदं. २०२५चं फ्रेंच विजेतेपद जादा वेळेत बोर्दो-बेग्लविरुद्ध ३९–३३ असं आलं, पण तेव्हा द्यूपाँ जायबंदी होता.

त्याच्यात इतकं वेगळं काय आहे?

लोक त्याचा वेग सांगतात, ताकद सांगतात, दोन्ही पायांनी लांब किक मारण्याची हातोटी सांगतात. सगळं खरं आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच सफाईने पास देणारे स्क्रम-हाफ मोजकेच, आणि तीन माणसं अंगावर घेऊन पळणारे त्याहून मोजके.

पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती टीव्हीवर सहज दिसत नाही. पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. त्याने पास दिला की त्याचं काम संपत नाही. तो लगेच पळायला लागतो, पण चेंडूमागे नाही. दोन पासनंतर चेंडू जिथे येणार त्या जागेकडे पळतो. विंगरने, म्हणजे कडेच्या बॅकने, पळ काढला, शेवटच्या बचावपटूने त्याला गाठलं, आता पास द्यायला कोणी नाही असं वाटतं, आणि आतल्या बाजूला एक लाल-काळी किंवा निळी जर्सी येऊन उभी असते. त्याच्या ट्रायपैकी कितीतरी अशा आहेत. बघणाऱ्याला नशीब वाटतं. पण दहा वेळा तो असा पळतो तेव्हा नऊ वेळा चेंडू येतच नाही. त्या नऊ धावा फुकट गेलेल्या असतात, त्यांची कुठे नोंद होत नाही. दहाव्यासाठी तो त्या नऊही धावतो.

बचावातही तेच. फेब्रुवारी २०२३, डब्लिन. आयर्लंडचा मॅक हॅन्सन गोलरेषेपाशी पोहोचला होता, ट्राय झालीच म्हणायची. द्यूपाँने त्याला कमरेत धरून अक्षरशः फिरवलं आणि चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही. कबड्डीत कोपऱ्यातला गडी रेडरला घोट्यात धरतो, त्या वेळेला जो अंदाज लागतो तसाच हा अंदाज. फ्रान्स तो सामना हरला, पण ती पकड अजून दाखवतात.

फ्रान्सच्या संघात त्याचा प्रवास कसा झाला?

पहिला सामना मार्च २०१७, रोममध्ये इटलीविरुद्ध, सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत. तेव्हा फ्रान्सची अवस्था बिकट होती. २०१९च्या जपानमधल्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत वेल्सकडून १९–२० असा एका गुणाने पराभव झाला. त्यानंतर फाबिएँ गालतिए प्रशिक्षक झाले. गालतिए स्वतः स्क्रम-हाफ होते आणि २००२ साली जगातले सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. एका ९ क्रमांकाने दुसऱ्या ९ क्रमांकाच्या हातात संघ दिला म्हणा ना.

नोव्हेंबर २०२१मध्ये नियमित कर्णधार शार्ल ऑलिव्हाँ जायबंदी असल्याने द्यूपाँकडे नेतृत्व आलं. त्याच महिन्यात पॅरिसला न्यूझीलंडवर ४०–२५ असा विजय मिळाला. मार्च २०२२मध्ये इंग्लंडला २५–१३ हरवून ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्सचे पाचही सामने जिंकणं. २०१०नंतर पहिल्यांदाच. त्या शेवटच्या सामन्यात एक ट्राय त्याची होती. सिक्स नेशन्सचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तो २०२०, २०२२ आणि २०२३ असा तीनदा निवडला गेला.

त्याला कधी लाल कार्ड मिळालं आहे का?

हो. नोव्हेंबर २०२२, मार्सेय, समोर दक्षिण आफ्रिका. उंच किकचा चेंडू झेलायला चेस्लिन कोल्बे हवेत उडालेला असताना द्यूपाँ त्याच्याखाली आला. कोल्बे वाईट पडला. हवेतल्या खेळाडूला खालून धडकणं हा गंभीर गुन्हा आहे, कारण माणूस मानेवर पडू शकतो. कार्ड योग्यच होतं. फ्रान्सने सामना ३०–२६ जिंकला, पण पुढचा जपानविरुद्धचा सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला. कोल्बे हा तुलूझमधला त्याचा जुना सहकारी. हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येणार आहे.

२०२३च्या विश्वचषकात नक्की काय घडलं?

विश्वचषक फ्रान्समध्येच होता. सगळा देश या एका मुलाकडे डोळे लावून बसला होता. ऑगस्टमध्येच न्तामाकच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो स्पर्धेबाहेर गेला. म्हणजे बिजागरीची एक पट्टी आधीच निघालेली. तरीही सलामीला न्यूझीलंडला २७–१३ हरवलं.

२१ सप्टेंबरला मार्सेयला नामिबियाविरुद्ध सामना होता. फ्रान्स केव्हाच जिंकलेला, अंतिम गुणफलक ९६–०. त्यात दुसऱ्या सत्रात नामिबियाचा कर्णधार योहान डायसेल टॅकलला आला आणि डोक्यावर डोकं आदळलं. द्यूपाँच्या गालाचं हाड मोडलं. डायसेलला लाल कार्ड मिळालं. इतकी मोठी आघाडी असताना कर्णधाराला आधीच बाहेर का बोलावलं नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि मला तो आजही रास्त वाटतो.

तुलूझला शस्त्रक्रिया झाली. आणि २४ दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, तो डोक्याला संरक्षक टोपी बांधून उपांत्यपूर्व सामन्यात उतरला. समोर दक्षिण आफ्रिका, मैदान स्ताद द फ्रान्स. पहिल्या अर्ध्या तासात जे रग्बी झालं तसं मी क्वचितच पाहिलं आहे, ट्रायवर ट्राय. फ्रान्सच्या एका ट्रायनंतर तोमा रामोस कन्व्हर्जनची किक मारायला पुढे सरकला, आणि गोलरेषेवरून सुसाट पळत येऊन कोल्बेने ती किक हातांनी अडवली. कन्व्हर्जन अशी अडवली जाणं अत्यंत दुर्मीळ. दोन गुण गेले. फ्रान्स हरला २८–२९.

एक गुण. चार वर्षांपूर्वी वेल्सविरुद्धही एकच गुण.

सामन्यानंतर द्यूपाँने पंचगिरीबद्दल नाराजी बोलून दाखवली. काहींना ते रुचलं नाही. मोडलेल्या हाडावर धातूची पट्टी घेऊन ८० मिनिटं खेळलेल्या माणसाच्या तोंडून ते शब्द आले, मला त्यात गैर काही वाटलं नाही.

विश्वचषकानंतर तो सेव्हन्सकडे का वळला? ते रग्बीच ना?

चेंडू तोच, मैदान तेवढंच, पण खेळाडू फक्त सात आणि सत्र सात-सात मिनिटांचं. जागा मोकळी, त्यामुळे सगळा खेळ धावण्याचा आणि एकास एक टॅकलचा. दम काढणारा प्रकार. पंधराच्या खेळातले नामवंत खेळाडू तिथे जाऊन फसल्याची उदाहरणं आहेत. शिवाय यासाठी त्याला २०२४ची सिक्स नेशन्स सोडावी लागली, तीही कर्णधार असताना. त्याचं कारण साधं होतं: ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सच असतं आणि ऑलिंपिक पॅरिसला होतं.

फेब्रुवारीत व्हँकुव्हरला तो पहिल्यांदा खेळला, फ्रान्स तिसरा आला. मार्चमध्ये लॉस एंजेलिसला फ्रान्सने स्पर्धा जिंकली, १९ वर्षांनी पहिलीच. त्यापुढचं वेळापत्रक मी वहीत लिहून ठेवलं आहे. २५ मे, लंडन: युरोपियन अंतिम सामना, लेन्स्टर या आयरिश संघाविरुद्ध जादा वेळेत ३१–२२, सामनावीर द्यूपाँ. २ जून, माद्रिद: सेव्हन्स मालिकेची अंतिम स्पर्धा, विजेता फ्रान्स. २८ जून, मार्सेय: टॉप १४चा अंतिम सामना, तुलूझ ५९, बोर्दो-बेग्ल ३. २७ जुलै, पॅरिस: ऑलिंपिक अंतिम सामना. नऊ आठवड्यांत चार अंतिम लढती, दोन वेगळे खेळ म्हणावेत इतके वेगळे प्रकार, आणि चारही जिंकल्या.

ऑलिंपिकमध्ये फिजीने आधीची दोन्ही पुरुष सुवर्णपदकं जिंकलेली होती आणि त्यांना तिथे कोणी एकदाही हरवलं नव्हतं. गटात त्यांनी फ्रान्सलाही हरवलं. अंतिम सामन्यात मध्यंतराला ७–७. दुसऱ्या सत्रात द्यूपाँ बाकावरून उठून आला. आल्याआल्या डाव्या कडेने घुसला, बचाव फोडला आणि आरों ग्रांदिदिएकडे चेंडू दिला: ट्राय. मग दोन ट्राय त्याच्या स्वतःच्या. २८–७. यजमान फ्रान्सचं त्या ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

गुडघ्याच्या दुखापतींबद्दल खूप ऐकलं. किती गंभीर होत्या?

दोन मोठ्या, दोन्ही आयर्लंडविरुद्ध. फेब्रुवारी २०१८मध्ये पॅरिसला गुडघ्याचा पुढचा क्रूसिएट अस्थिबंध तुटला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि उरलेला हंगाम गेला.

८ मार्च २०२५ला डब्लिनमध्ये तेच पुन्हा घडलं. सामना अर्ध्या तासाचाही झाला नसेल. रकमध्ये आयर्लंडचे खेळाडू त्याच्या पायावर पडले आणि गुडघा वळला. गालतिएंनी सामन्यानंतर त्यावर उघड तक्रार केली. त्या दिवशी फ्रान्सने राखीव आठांपैकी सात फॉरवर्ड घेतले होते. बॅकमधला एकच राखीव, माक्सिम ल्यूक्यू, आणि तो द्यूपाँच्याच जागी आला. त्यानंतर आणखी एक बॅक डोक्याला लागून बाहेर गेला, तेव्हा ऑस्कार जेगू या फ्लँकरला, म्हणजे फॉरवर्डला, बॅकमध्ये खेळवावं लागलं. तरीही फ्रान्स ४२–२७ जिंकला आणि आठवड्याने सिक्स नेशन्सही. कर्णधार कुबड्या घेऊन आनंदात सामील झाला.

क्रूसिएट तुटला की मांडीतला किंवा गुडघ्याजवळचा स्नायुबंध काढून त्याची नवी दोरी बसवतात. ती हाडात रुजायला महिने लागतात. सूज उतरते, चालता येतं, पळताही येतं, पण वळताना विश्वास बसत नाही. आणि स्क्रम-हाफचं सगळं आयुष्य वळण्यात जातं. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस, जवळजवळ पावणेनऊ महिन्यांनी, तो तुलूझच्या जर्सीत परतला.

पगार किती मिळतो?

त्याचा नेमका आकडा इथे देत नाही, वर्तमानपत्रांत वेगवेगळे छापले जातात. व्यवस्था मात्र सांगता येते. टॉप १४मध्ये प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, हंगामाला १ कोटी ७ लाख युरोंच्या आसपास. त्यात तीस-चाळीस माणसं बसवायची असतात. म्हणून फुटबॉलशी तुलना करू नका, तो वेगळाच बाजार आहे. मोठ्या खेळाडूंचं बरंचसं उत्पन्न जाहिरातींतून येतं.

तो आजवरचा सर्वोत्तम स्क्रम-हाफ आहे का?

वेल्सचे गॅरेथ एडवर्ड्स सत्तरच्या दशकात खेळले. जुने लोक त्यांचं नाव घेतात आणि त्याला आधार आहे. पण एडवर्ड्सना दहा महिन्यांचा व्यावसायिक हंगाम नव्हता, समोर आजच्या वजनाची माणसं नव्हती. माझं मत विचाराल तर हो, द्यूपाँच. फक्त विश्वचषकाची जागा अजून रिकामी आहे, आणि ती रिकामी असेपर्यंत वाद संपणार नाही.

सुरुवात म्हणून कोणते सामने बघू?

आधी ऑलिंपिक अंतिम सामन्याचं दुसरं सत्र, सात मिनिटांत होतं. मग २०२४ची लेन्स्टरविरुद्धची लढत, त्यात त्याचा बचाव बघा. आणि मन घट्ट करून २०२३ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी. टॉप १४चे रात्रीचे सामने हिवाळ्यात आपल्याकडे दीडच्या सुमारास सुरू होतात, उन्हाळ्यात तासभर आधी.

आपल्याकडे रग्बी खेळतात का?

खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यातलं रग्बी जुनं आहे. चिखलात हा खेळ बघायची मजा वेगळीच. जून २०२५मध्ये अंधेरीला सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, सेव्हन्स प्रकारातली. आणि एक धागा फार जुना: इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भिडतात, तो १८७८मध्ये कलकत्त्याच्या बंद पडलेल्या रग्बी क्लबने शिल्लक चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे.

आता पुढे काय?

पुढचा विश्वचषक ऑस्ट्रेलियात, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७. पहिल्यांदाच २४ संघ असतील. अंतिम सामना होईल त्यानंतर दोनच दिवसांनी द्यूपाँला ३१ वर्षं पूर्ण होतील.